एका चेपलेल्या डिकीचा इतिहास

मागच्या वर्षी, जूनच्या पहिल्या पावसात, आमच्या गाडीला मागून एका टेम्पोने ठोकलं. सिंहगड रोडचा सिग्नल, रस्ता निसरडा, टेम्पोवाल्याचा ब्रेक लागला नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. गाडी २०११ ची वॅगन आर. बाबांनी एसटीतल्या नोकरीची शेवटची काही वर्षं राहिलेली असताना घेतलेली, म्हणून घरात तिचा मान एखाद्या माणसासारखा. मागचा बंपर फाटला, डावा टेललाइट फुटला आणि डिकीचा दरवाजा खालच्या बाजूने आत गेला.

टेम्पोवाला खाली उतरला आणि म्हणाला, "काका, दीड हजार घ्या आणि मिटवा. मालकाला कळलं तर माझा पगार कापेल." बाबांनी पैसे घेतले नाहीत. "राहू दे, इन्शुरन्स आहे ना," म्हणाले. त्याच्या नंबरप्लेटचा आणि गाडीचा फोटो मी काढला, आणि आम्ही घरी आलो.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर जो प्रश्न पडला, तो जुनी गाडी असलेल्या प्रत्येक घरात कधी ना कधी पडतो: क्लेम करायचा की नाही? या लेखात मी त्या प्रश्नाचं उत्तर देणार आहेच. पण त्याआधी तुम्हाला एक वेगळी गोष्ट दाखवायची आहे. त्या एका घरगुती हिशेबाने माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण कसं पाडलं, ती. तुमच्यापैकी जे पेट किंवा नेटची तयारी करताहेत, 'संशोधनाचा विषय कसा शोधायचा' असं मला विचारत असतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी एम.एस्सी. संख्याशास्त्रात केलं आणि पीएच.डी. करतेय भारतातल्या वाहन विम्याच्या इतिहासावर. "संख्याशास्त्राची मुलगी इतिहासात काय करतेय?" हा प्रश्न मला नातेवाईक, मित्र आणि एकदा तर बँकेतल्या कर्मचाऱ्यानेही विचारलाय. माझं उत्तर साधं आहे. प्रत्येक तक्त्याला जन्मतारीख असते. तो कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी भांडणावर तोडगा म्हणून तयार केलेला असतो. तो भाग संख्याशास्त्राच्या वर्गात शिकवत नाहीत.

तर चला, विम्याची पॉलिसी समोर घेऊ आणि एकेक थर उचकटत जाऊ.

पहिला थर: सक्ती कुणासाठी?

बहुतेकांना वाटतं, गाडीचा विमा काढणं सक्तीचं आहे म्हणजे आपली गाडी ठोकली तर भरपाई मिळणार. तसं नाही. सक्ती फक्त 'थर्ड पार्टी' विम्याची आहे. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल, त्याची. तुमच्या स्वतःच्या गाडीची कायद्याला कधीच काळजी नव्हती, आणि याचं कारण इतिहासात आहे.

१९१४ च्या भारतीय मोटार वाहन कायद्यात विम्याची सक्ती नव्हती. तिकडे ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, अपघात वाढले, आणि एक नवीच अडचण उभी राहिली. गाडीखाली सापडलेला माणूस कोर्टात जिंकायचा, पण गाडीवाल्याकडे द्यायला पैसेच नसायचे. हातात निकाल आणि खिसा रिकामा. म्हणून १९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्याने तिथे विमा सक्तीचा केला. १ जानेवारी १९३१ पासून तो लागू झाला.

आपल्याकडे १९३६-३७ मध्ये याच प्रश्नावर मोटार वाहन विमा समिती बसली, आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आठवं प्रकरण आलं ते विम्याचं. पण गंमत बघा. कायदा १९३९ चा, आणि त्यातलं विम्याचं प्रकरण प्रत्यक्ष लागू झालं १ जुलै १९४६ ला. संशोधन करणाऱ्यांनी ही सवय लावून घ्यावी: कायद्याचं वर्ष आणि तो लागू झाल्याचं वर्ष या दोन वेगळ्या तारखा असतात. मी पहिल्या वर्षी एका सादरीकरणात '१९३९ पासून भारतात विमा सक्तीचा' असं वाक्य ठोकून दिलं होतं. समोर बसलेल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी शांतपणे विचारलं, "सात वर्षं लोक बेकायदा गाड्या चालवत होते का?" त्यानंतर मी कुठलीही तारीख दोनदा तपासल्याशिवाय लिहीत नाही.

या पहिल्या सक्तीत फक्त माणसाचा मृत्यू आणि शारीरिक इजा होती. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान, म्हणजे कुणाची भिंत, कुणाची हातगाडी, कुणाची मोटार, हे सक्तीत आलं १९६९ च्या दुरुस्तीने. मर्यादा होती २,००० रुपये. १९८२ च्या दुरुस्तीने ती ६,००० झाली. १९८८ च्या नव्या कायद्याने, जो १ जुलै १९८९ पासून लागू झाला, तोच ६,००० चा आकडा पुढे चालवला. आज ६,००० रुपयांत कित्येक गाड्यांचा एक हेडलाइटही येत नाही. प्रत्यक्षात खासगी कारच्या पॉलिसीत मालमत्तेच्या नुकसानीचं संरक्षण साडेसात लाखांपर्यंत असतं. पण ते दरपत्रकाने दिलेलं आहे. कायद्याने मागितलेला आकडा मात्र २०२२ पर्यंत तिथेच राहिला होता.

आता आमच्या डिकीकडे या. चूक टेम्पोवाल्याची होती, म्हणजे त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून आम्हाला पैसे मिळायला हवेत. कागदावर बरोबर आहे. पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं, चूक सिद्ध करायची, वकील, तारखा. तेरा हजारांच्या कामासाठी कोण जाईल? म्हणून व्यवहारात लोक आपल्याच विमा कंपनीकडे जातात. कंपन्यांमध्येही एक जुना रिवाज आहे, त्याला 'नॉक फॉर नॉक' म्हणतात: दोन विमाधारक एकमेकांवर आपटले तर ज्याने त्याने आपापल्या ग्राहकाची गाडी दुरुस्त करून द्यायची, एकमेकांकडे वसुलीला जायचं नाही. चूक कुणाची हे ठरवण्याचा खर्च नुकसानीपेक्षा जास्त, हे कंपन्यांनी ओळखलं. सिग्नलवर "दीड हजार घ्या आणि मिटवा" म्हणणाऱ्या त्या टेम्पोवाल्याचं तर्कशास्त्र काही वेगळं नव्हतं.

दुसरा थर: जुन्या गाडीची किंमत कोण ठरवतं?

आता 'ओन डॅमेज', म्हणजे आपल्याच गाडीचा विमा. हा ऐच्छिक.

१९३८ चा विमा कायदा, १९६८ ची त्यातली मोठी दुरुस्ती, आणि मग राष्ट्रीयीकरण: हा क्रम लक्षात ठेवा. १९६८ च्या दुरुस्तीने दरपत्रक ठरवणारी वैधानिक टॅरिफ सल्लागार समिती आणली. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. १०७ विमा संस्था चार कंपन्यांत बसवल्या गेल्या. त्यातली न्यू इंडिया ही मुंबईची, दोराबजी टाटांनी १९१९ मध्ये सुरू केलेली. नॅशनल कोलकात्याची, ओरिएंटल दिल्लीची, युनायटेड इंडिया चेन्नईची. कंपन्या चार, पण दर आणि अटी एकच. तुम्ही नागपुरात विमा घ्या की पणजीत, नियमांचं पुस्तक तेच.

त्या पुस्तकाची आपल्यासाठी महत्त्वाची आवृत्ती १ जुलै २००२ पासून लागू झाली: इंडिया मोटर टॅरिफ. आज तुमच्या पॉलिसीवर जो 'आयडीव्ही' हा शब्द दिसतो, तो इथून आला. त्याआधी मालकाने अंदाजे किंमत सांगायची, त्यावर हप्ता भरायचा, आणि गाडी पूर्ण गेली की 'नुकसानीच्या दिवशीचा बाजारभाव' किती यावर वाद सुरू व्हायचा. हप्ता घेताना तीन लाख, देताना दोन. आयडीव्हीने ती किंमत पॉलिसी सुरू होतानाच पक्की केली: कंपनीच्या विक्री किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०.

आणि पाच वर्षांनंतर? तक्ता संपतो. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची. म्हणजे जिथे भांडण सर्वात जास्त होणार, तिथे तक्ता गप्प बसतो. आमच्या तेरा वर्षांच्या गाडीची आयडीव्ही १,२०,००० होती. हा आकडा नूतनीकरणाच्या वेळी स्क्रीनवर आला आणि बाबांनी 'ओके' दाबलं. हेच ते 'आपसात ठरवणं'.

सुट्या भागांसाठी वेगळा तक्ता आहे. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा, गाडी काल घेतलेली असली तरी. फायबरग्लासवर ३०. काचेवर शून्य. धातूच्या भागांवर वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, मग ५, १०, १५, २५, ३५, पाच ते दहा वर्षांत ४०, आणि दहा वर्षांपुढे ५०. रंगकामात एकूण बिलाचा २५ टक्के भाग हा रंगाच्या मालाचा धरायचा आणि त्यावर ५० टक्के घसारा. मजुरीवर घसारा नाही.

एम.एस्सी.च्या सवयीने मी या तक्त्याकडे आधी 'निष्कर्ष' म्हणून पाहिलं. वाटलं, कुणीतरी हजारो गाड्यांची माहिती गोळा केली असेल आणि त्यातून हे आकडे आले असतील. मग जरा नीट बघितलं. सगळे आकडे पाचाच्या पाढ्यातले. कोकणातल्या खाऱ्या हवेत गंजलेला पत्रा आणि सोलापूरच्या कोरड्या हवेतला पत्रा यांना एकच टक्केवारी. रोज शंभर किलोमीटर धावणारी गाडी आणि रविवारी मंदिरात जाणारी गाडी, दोन्ही सारख्याच. मोजमापाचा तक्ता असा दिसत नाही. वाद मिटवण्यासाठी केलेला तक्ता असा दिसतो. त्याचं काम गाडीची झीज अचूक सांगणं हे नाहीच. सर्वेअर आणि मालक यांना दर वेळी नव्याने घासाघीस करावी लागू नये, हे त्याचं काम. तुमच्या विषयात एखादा तक्ता भेटला तर हा प्रश्न जरूर विचारा: हा मोजतोय की मिटवतोय?

१ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर खुले झाले. खासगी कंपन्या २००० नंतर आल्याच होत्या, आता हप्त्याची स्पर्धा सुरू झाली. पण घसाऱ्याचा तक्ता आणि पॉलिसीच्या मूळ अटी तशाच राहिल्या. नंतर 'झिरो डेप' नावाचं जोड संरक्षण आलं, ज्यात जास्तीचा हप्ता भरला की घसारा कापत नाहीत. पण ते साधारणपणे नव्या गाड्यांना मिळतं. ज्या गाडीवर घसारा सर्वात जास्त लागतो, तिलाच ते मिळणं अवघड.

तिसरा थर: बोनस

आता आमचा हिशेब. शोरूमने दिलेला अंदाज असा: बंपर ३,२००, टेललाइट १,८००, डिकीचं डेंटिंग २,५००, रंग ६,०००. एकूण १३,५००. जीएसटी सोपेपणासाठी बाजूला ठेवते.

कंपनी किती देणार? बंपर प्लॅस्टिकचा, म्हणून निम्मे, १,६००. टेललाइटही प्लॅस्टिकमध्ये धरला, ९००. डेंटिंग ही मजुरी, म्हणून पूर्ण २,५००. रंगाच्या ६,००० पैकी १,५०० माल, त्याचे निम्मे म्हणजे ७५० कापले, उरले ५,२५०. बेरीज १०,२५०. त्यातून सक्तीची वजावट १,०००. ही रक्कम छोट्या इंजिनाच्या कारला आधी ५०० होती, नंतर दुप्पट झाली. हातात ९,२५०.

"मग करून टाक की क्लेम," आई म्हणाली.

थांबा. पॉलिसीवर 'नो क्लेम बोनस' ५० टक्के होता. पाच वर्षं क्लेम नाही म्हणून मिळालेला. एक क्लेम केला की तो शून्य. पुन्हा चढायचं ते २०, २५, ३५, ४५, ५० असं. आता वजाबाकी करा. पहिल्या नूतनीकरणाला ५० टक्क्यांची सूट गेली. दुसऱ्याला ५० ऐवजी २०, म्हणजे ३० गेले. मग २५, मग १५, मग ५. बेरीज १२५ टक्के.

हा १२५ चा आकडा लक्षात ठेवा. ज्याचा बोनस ५० टक्क्यांवर आहे, त्याने एक क्लेम केला तर पुढच्या पाच वर्षांत ओन डॅमेजच्या मूळ हप्त्याच्या सव्वापट रक्कम सुटीच्या रूपाने जाते. (हप्ता साधारण तोच राहील आणि पुढे क्लेम होणार नाही, असं धरून.) आमचा बोनसपूर्वीचा ओन डॅमेजचा हप्ता ४,२०० होता. सव्वापट म्हणजे ५,२५०.

तर क्लेम केला तर: १३,५०० पैकी ४,२५० खिशातून, आणि पुढची पाच वर्षं मिळून ५,२५०. एकूण ९,५००. क्लेम केला नाही आणि शोरूममध्येच काम केलं तर १३,५००. म्हणजे क्लेम फायद्याचा.

पण बाबा दुसऱ्या दिवशी नाना पेठेत जाऊन आले. त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीने बंपर बदलण्याऐवजी वेल्डिंग करून, टेललाइट बाजारातला बसवून, रंगासकट ७,००० सांगितले. ९,५०० विरुद्ध ७,०००. बाबांनी पॉलिसी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली. "झालं. झालंच नाही असं समज," म्हणाले.

"झालंच नाही असं समज"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण त्या आठवड्यात मी प्रबंधाचं तिसरं प्रकरण लिहीत होते. त्यात राष्ट्रीयीकरणानंतरच्या वाहन विम्याच्या क्लेमचे आकडे घेऊन मी शहरांतल्या किरकोळ अपघातांचा कल काढत होते. आलेख छान आला होता. मला तो फार आवडला होता, हे कबूल करते. सहा महिन्यांचं काम होतं.

पुढच्या भेटीत मी मार्गदर्शक मॅडमना प्रकरणही दाखवलं आणि गप्पांच्या ओघात डिकीची कथाही सांगितली. त्यांनी आलेखावर पेन ठेवलं आणि विचारलं, "तुमचा अपघात यात कुठे आहे?"

कुठेच नव्हता. नसणारच होता. बाबांनी कळवलाच नव्हता.

आता विचार करा. अपघात घडतो रस्त्यावर. तो कंपनीच्या रजिस्टरमध्ये पोचण्याआधी त्याला तीन दारं ओलांडावी लागतात: घसारा, सक्तीची वजावट आणि बोनस. तिन्ही दारांतून जाऊनही फायदा उरला, तरच माणूस क्लेम करतो. मी ज्याला 'अपघातांची नोंद' समजत होते, ती खरं तर 'क्लेम करणं परवडलेल्या अपघातांची नोंद' होती. आणि जुन्या गाड्यांसाठी ही दारं जास्त अरुंद. म्हणजे माझ्या आलेखातून जुन्या गाड्या, नाना पेठेतला मिस्त्री, सिग्नलवरची दीड हजाराची तडजोड, हे सगळं गळलेलं होतं, आणि तेही योगायोगाने नव्हे, नियमानेच.

विमागणितात हे नवं नाही. बेल्जियन गणिती जाँ लेमेर यांनी १९७७ मध्येच यावर लिहिलं. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच 'बोनसची तहान' हा शब्दप्रयोग आहे: बोनस टिकवण्यासाठी विमाधारक छोटं नुकसान स्वतःच सोसतो, आणि कुठल्या रकमेपर्यंत सोसावं हे गणिताने काढता येतं. मी हा लेख एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी वाचला होता. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. पण प्रबंध लिहिताना तो आठवला नाही, कारण तो 'संख्याशास्त्राच्या' कप्प्यात होता आणि मी 'इतिहासाच्या' कप्प्यात काम करत होते. कप्प्यांची ही सवय दोन विषयांतून प्रवास करणाऱ्या सगळ्यांना नडते. तुम्हालाही नडेल, सावध राहा.

त्याहून मोठा धक्का पुढे होता. २००२ च्या दरपत्रकात कमाल बोनस ५० टक्के आहे. पण त्यात एक छोटं कलम आहे, 'सनसेट क्लॉज' नावाचं. जुन्या नियमांनुसार ज्यांचा बोनस ५५ किंवा ६५ टक्क्यांवर पोचला होता किंवा त्या संक्रमणाच्या वर्षात पोचणार होता, त्यांना तो क्लेम होईपर्यंत टिकवता येईल असं ते सांगतं. म्हणजे आधी बोनसची शिडी वेगळी होती. शिडी बदलली की 'कितीपर्यंतचं नुकसान गिळायचं' ही रेषाही बदलते. याचा अर्थ, रस्त्यावर एकही अपघात कमी-जास्त न होता क्लेमचा आकडा वरखाली होऊ शकतो. माझ्या आलेखातली एखादी चढउतार वाहतुकीची आहे की नियमाची, हे नुसत्या आलेखावरून सांगताच येत नाही.

प्रकरण मी मागे घेतलं. दोन दिवस कुणाशी बोलले नाही. मग लक्षात आलं की प्रश्नच उलटा करायला हवा. 'किती अपघात झाले?' हा प्रश्न या कागदांना विचारण्यात अर्थ नाही. 'कुठल्या अपघाताला कागद मिळत होता?' हा प्रश्न मात्र याच कागदांना विचारता येतो. आणि त्यासाठी लागणारी साधनं समोरच होती: दरपत्रकाच्या आवृत्त्या, घसाऱ्याचे तक्ते, बोनसच्या शिड्या, आणि सर्वेअरचे नियम. विमा कायद्याच्या ६४-यूएम कलमानुसार कित्येक वर्षं २०,००० रुपयांच्या वरच्या नुकसानीलाच परवानाधारक सर्वेअर सक्तीचा होता. आता वाहनांसाठी ही रेषा ५०,००० वर आहे. म्हणजे त्याखालच्या नुकसानीचा स्वतंत्र माणसाने लिहिलेला अहवालही असेलच असं नाही. लहान अपघात कागदावर आला तरी फिकाच येतो. तिसरं प्रकरण आता यावर आहे. आलेख त्यात नाही. त्याऐवजी एक लांबलचक तक्ता आहे, कुठल्या वर्षी कुठलं दार किती उघडं होतं त्याचा.

तुम्ही यातून काय घ्याल?

सगळ्यात आधी, घरातला एक कंटाळवाणा कागद घ्या. वीजबिल, रेशनकार्ड, सातबारा, विम्याची पॉलिसी, काहीही. त्यातल्या प्रत्येक आकड्यासमोर पेन्सिलीने लिहा: हा नियम कधीचा? आधी काय होतं? लागू कधी झाला? एका संध्याकाळी होईल असं काम आहे, आणि संशोधन प्रस्तावाची निम्मी तयारी त्यात होते.

आकड्यांची मालिका हाती आली की लगेच आलेख काढू नका. आधी स्वतःला विचारा, या नोंदीत यायला एखाद्या घटनेला काय काय करावं लागत होतं? तिला किती खर्च येत होता? कोण दारातूनच परत गेलं? पोलीस तक्रारी, रुग्णालयातल्या नोंदी, पीकविम्याचे दावे, सगळ्यांना हा प्रश्न लागू आहे.

आणि स्वतःचा अनुभव पुरावा म्हणून वापरू नका, पण चाचणी म्हणून जरूर वापरा. माझ्या एका डिकीने काहीही सिद्ध होत नाही. पण 'माझी डिकी या माहितीत का नाही?' या प्रश्नाने सहा महिन्यांचं काम तपासलं गेलं, आणि ते तपासणीत टिकलं नाही.

आता ज्यांच्याकडे खरोखरच जुनी गाडी आहे आणि जे इथपर्यंत फक्त उत्तरासाठी वाचत आले, त्यांच्यासाठी. पॉलिसीत 'ओन डॅमेज' आहे का ते आधी बघा. फक्त थर्ड पार्टी असेल तर आपल्या गाडीचा प्रश्नच मिटला. असेल, तर घसारा आणि वजावट काढून कंपनी किती देईल ते मांडा. बोनस ५० टक्के असेल तर ओन डॅमेजच्या बोनसपूर्वीच्या हप्त्याची सव्वापट काढा. कंपनीकडून मिळणारी रक्कम त्याहून कमी असेल तर क्लेम करू नका. जास्त असेल तर बाहेरच्या मिस्त्रीचा भाव विचारून मग ठरवा. क्लेम करायचा असेल तर लगेच कळवा, फोटो काढून ठेवा, आणि कंपनीने पाहणी करेपर्यंत गाडी दुरुस्तीला देऊ नका. अजून एक: दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी 'पूर्ण नुकसान' धरली जाते. आयडीव्ही ४०,००० असेल तर ही रेषा फक्त ३०,००० वर येते. शोरूमच्या भावाने दोन दरवाजे आणि रंग म्हटलं की तिथे पोचायला वेळ लागत नाही. नूतनीकरणाच्या वेळी स्क्रीनवरचा आयडीव्हीचा आकडा न वाचता 'ओके' दाबू नका, ते यासाठी.

आमची गाडी छान चालतेय. डिकीच्या खालच्या कडेला, तिरप्या उन्हात बघितलं तर, नव्या रंगाची छटा किंचित वेगळी दिसते. विमा कंपनीच्या दप्तरी त्या गाडीला आजवर एकही अपघात झालेला नाही. यंदा नूतनीकरणाच्या कागदावर पुन्हा ५० टक्के बोनस छापून आला, आणि बाबांनी तो मला मुद्दाम आणून दाखवला. मी त्याची झेरॉक्स काढून प्रबंधाच्या फाइलमध्ये लावून ठेवलीय.